समुद्रावर रागावलेले इंगळेजी

इंगळेजी भांडायचे फक्त मराठीत.

एरवी त्यांची हिंदी झकास होती. फॅक्टरीतली सगळी नोकरी त्यांनी हिंदीत केली. भाजीचा भाव हिंदीत, डॉक्टरपुढे पोटाची तक्रार हिंदीत, चहाच्या टपरीवरचं राजकारण तर अस्सल जबलपुरी हिंदीत. पण राग आला की ते मराठीवर यायचे. समोरच्याला त्यातलं काही कळतं की नाही, याच्याशी त्यांना देणंघेणं नसायचं. आणि राग त्यांना चहासारखा वरचेवर लागायचा, त्यामुळे जबलपूरच्या कांचघर भागातल्या आमच्या गल्लीत मराठीचा जो काही प्रसार झाला तो एकट्या इंगळेजींनी केला.

रामसेवक दूधवाल्याने एकदा मला दारात थांबवून हळूच विचारलं, "दीदी, ये काहून कौन सी गाली है?"

मी हसू दाबत त्याला सांगितलं की ही शिवी नाही. आम्हा विदर्भाकडच्या लोकांना 'का' म्हणायचं असलं की आम्ही 'काहून' म्हणतो. इंगळेजी नुसतं विचारत असतात, दूध पातळ काहून, उशीर काहून. रामसेवकाचा विश्वास बसला नाही. "पूछते तो ऐसे नहीं हैं," तो म्हणाला आणि सायकलला कॅन अडकवून निघून गेला.

हिंदी एवढी चांगली येत असताना भांडायला मराठीच का लागते, असं मी इंगळेजींना एकदा विचारलं होतं. त्यांनी गळ्याला हात लावला. "हिंदी माही इथून येते, मास्तरीणबाई. राग पोटातून येते. हिंदी अजून तिथपर्यंत उतरली नाही."

त्यांची आणि आमची भिंत एक. मी राइट टाउनमधल्या एका शाळेत शिकवायची, म्हणून त्यांच्या लेखी मी मास्तरीणबाई. ठेंगणी मूर्ती, जाड भुवया, आणि ऊन असो थंडी असो, गळ्यात तपकिरी मफलर. रिटायर झाल्यावरही ते फॅक्टरीच्या भोंग्याला तयार होऊन अंगणात यायचे, सायकल पुसायचे, आणि मग जायचं कुठे हे न सुचल्यामुळे जो कोणी समोरून जाईल त्याच्यावर रागवायचे.

त्यांच्या सगळ्या रागांचा बाप म्हणावा असा एक राग होता. तो छप्पन सालचा. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत आर्वीकडचं गाव सोडून ते जबलपूरला नोकरीला आले तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते. एका खोलीतून उठून दुसऱ्या खोलीत जावं तसे ते आले होते. मग राज्यांची फेररचना झाली. नागपूर, वर्धा, अमरावती तिकडे गेले आणि जबलपूर इकडे राहिलं. "मी होतो तिथंच उभा होतो," ते सांगायचे. "एक पाऊल हललो नाही. माह्या पायाखालचं घरच उचललं अन् दुसऱ्याच्या अंगणात नेऊन ठेवलं. मले कोणी विचारलं?"

त्यातून पुन्हा नव्या राज्याची राजधानी जबलपूरला न येता भोपाळला गेली. म्हणजे मराठी माणूस म्हणून एक राग आणि जबलपूरकर म्हणून दुसरा. हे दोन्ही राग एकमेकांना खोडतात, हे मी त्यांना समजावून पाहिलं. त्यावर ते माझ्यावर रागावले.

"मले कोणी विचारलं?" हे मग त्यांचं पालुपदच झालं. नळाची वेळ बदलली, गल्लीत लग्नाचा मंडप पडला, रेडिओवरचा कार्यक्रम बंद झाला, शेजाऱ्याने भिंतीला हिरवा रंग दिला, प्रत्येक वेळी इंगळेजी दारात येऊन हाच प्रश्न करायचे. त्याचं उत्तर देणं शक्यच नसायचं. कारण खरोखरच त्यांना कोणी विचारलेलं नसायचं.

घरात कुसुमकाकू, त्यांच्या पत्नी. काकू म्हणजे सगळ्या बाजूंनी शांतता. रामसेवकाची सकाळची 'दूध आ गया' ही हाक भिंतीवरून माझ्याकडे पोचवणं सोडलं, तर त्यांच्या तोंडून मी दोनच गोष्टी ऐकत आले, "हो न" आणि "असू द्या". गल्लीतल्या बायका म्हणायच्या, एवढ्या ओरडणाऱ्या माणसाबरोबर राहून बिचारी बोलायचंच विसरली असेल. मलाही तसंच वाटायचं, आणि त्यासाठी मला इंगळेजींचा अधूनमधून राग यायचा.

एकुलती मुलगी सुनीता. जावई अकोल्याचा, डॉक्टर. सरकारी नोकरीत त्याची बदली कोकणात गुहागरला झाली. ते लहानसं, समुद्राकाठचं गाव त्याला इतकं आवडलं की नोकरी सोडून त्याने तिथेच दवाखाना काढला, घर बांधलं. एका दिवाळीला सुनीता जबलपूरला आली आणि फराळाच्या ताटावर बसल्या बसल्या म्हणाली, आई-बाबा, आता तुम्ही दोघं तिकडेच चला. मागच्या बाजूला दोन खोल्या काढल्या आहेत, रात्री समुद्राचा आवाज येतो.

इंगळेजींनी चकली तिथेच ठेवली आणि खोल्या काढताना आपल्याला कोणी विचारलं होतं का, असा प्रश्न केला. पण ती गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरली ती शिरलीच. पुढचा सगळा हिवाळा ते जावं की राहावं याचा विचार करत होते, आणि विचार करणं म्हणजे त्यांच्याकडे रागावणंच असल्यामुळे गल्लीला फार त्रास झाला.

ते सगळ्यांना सल्ला विचारायचे आणि जो देईल त्याच्याशी भांडायचे. बड्या फुहाऱ्याच्या बाजारात त्यांचा एक जुना मित्र होता, कापडवाला. तो म्हणाला, जाओ भैया, समुद्र किनारे बैठो, ऐश करो. इंगळेजी उठून आले आणि त्याच्या दुकानाकडे फिरकेनासे झाले. "मले गावातून घालवायले टपला आहे तो," असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, मग नका जाऊ, इथे काय कमी आहे. तर म्हणाले, "म्हणजे मी इथंच सडू काय?"

समुद्र त्यांनी तोवर पाहिलेला नव्हता, पण त्याच्यावर रागवायला तेवढी ओळख पुरेशी होती. "पाणीच पाह्यचं तं नर्मदा काय वाईट आहे?" ते विचारायचे. "ग्वारीघाटावर जाऊन बसा. गोड पाणी आहे. प्या, आंघोळ करा, दिवा सोडा. त्या समुद्राचं माणसानं करावं काय? एवढं मोठं पाणी, अन् कामाचं लोटाभर नाही."

पण त्यांच्या मनाची एक बाजू तिकडे ओढतही होती. एखाद्या संध्याकाळी राग थोडा उतरला की भिंतीवर कोपर टेकून ते म्हणायचे, तिथं बसवरची पाटी मराठी असंन. कंडक्टर मराठी. पोस्टमन मराठी. चोर आला तं तोही मराठी. मग जरा वेळाने, स्वतःशीच: "तिथं रागावलो तं समजंन लोकाईले."

शेवटी संक्रांत झाल्यावर काही दिवस राहून पाहायचं असं ठरलं. दोघं गेली. गल्ली इतकी शांत झाली की रामसेवक दूध घालताना उगाचच त्यांच्या दारापुढे थांबायचा.

होळीच्या आसपास इंगळेजी परत आले ते समुद्रावर खवळूनच. स्टेशनवरून आलेल्या रिक्षातून सामान उतरायच्या आत त्यांनी अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं की ते माणसांनी राहायचं गाव नाही. तिथे दाराच्या कड्या गंजतात. भिंतींना ओल येते. पापड वाळत नाही. वारा अंगाला चिकटतो. आणि समुद्र रात्रभर गप्प बसत नाही. "त्याले कोणी सांगितलं एवढं बोलायले?"

खरी तक्रार मात्र वेगळीच होती, ती हळूहळू बाहेर आली. गुहागरला त्यांना भांडायला माणूसच मिळेना. भर दुपारी एक दुकानदार फळ्या लावत होता. इंगळेजींना खिळे हवे होते. दुपारी दुकान बंद काहून, म्हणून त्यांनी आवाज चढवला. दुकानदार शांतपणे म्हणाला, दुपारी आम्ही झोपतो, चारला या, आणि शेवटची फळी लावून आत गेला. "मी फळीले शिव्या देत उभा होतो," इंगळेजी म्हणाले. "इथं एक शब्द बोललो तं चार लोक जमतात. दोन माह्याकडून, दोन त्याच्याकडून. मग चहा होते. तिथं कोणी जमतच नाही. आपलं बोलणं आपल्यालेच ऐकू येते."

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली नाही, ती मला काकूंकडून कळली. सुनीताच्या शेजारी एक वयस्कर गृहस्थ राहत. नारळ-सुपारीची बाग, सकाळ-संध्याकाळ ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करायची सवय. इंगळेजी रोज त्यांच्याशी बोलत. आठवडाभर ऐकून घेतल्यावर त्या गृहस्थांनी अगदी कौतुकाने विचारलं, "तुम्ही मूळचे हिंदी का हो? पण मराठी छान शिकलात."

काकू म्हणाल्या, इंगळेजी त्यावर रागावलेसुद्धा नाहीत. आत येऊन मफलर काढून ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

मला हसू आलं आणि लगेच वाईट वाटलं. कांचघरात त्यांना सगळे 'मराठा साहब' म्हणायचे. ज्या भाषेसाठी दूधवाल्यापासून नव्या राज्यापर्यंत सगळ्यांशी वैर धरलं, ती भाषा त्यांच्या तोंडी शिकलेली वाटते असं तिच्याच घरच्या माणसाने सांगावं, यावर भांडणार तरी कसं.

तर गुहागरला जायचं नाही असं ठरलं. म्हणजे इंगळेजींनी ठरवलं. सुनीताला तसं कळवायचं बाकी होतं, ते मात्र रोज उद्यावर जात होतं. त्याबद्दलही ते रागावलेले असायचे.

उन्हाळ्यातल्या एका रविवारी काकू अंगणात मुगाच्या वड्या घालत होत्या. मी मदतीला बसले. बोलायचं म्हणून विचारलं, काकू, तुम्हाला कसं वाटलं हो गुहागर? त्यांनी बोटावरचं पीठ निपटलं, दोन वड्या घातल्या, आणि म्हणाल्या, "बरं होतं तिथं."

मला वाटलं, झालं, एवढंच. पण त्या खाली बघतच पुढे बोलू लागल्या.

"सकाळपासून दिवे लागेपर्यंत कोणी ना कोणी बोलत राहायचं. पाणी भरताना, बाजारात, समुद्रावर. अन् सगळं समजायचं. इथं हिंदीत मले भाजी घेता येते. भाव करता येते. पण मनातलं काही सांगायले गेली तं अर्ध्या रस्त्यात शब्द सरतात. मग हाँ जी, हाँ जी करते अन् घरात येते." त्यांनी पुढची वडी घातली. "इतकी वर्षं झाली. शिकता नाही आलं मले. कोणाचा दोष नाही."

माझा हात पिठातच राहिला. मी दिवसभर शाळेत. संध्याकाळी माझी घाई, माझी मुलं तर मराठी प्रश्नाला हिंदीत उत्तर देणारी. मराठीवाली बाकी घरं राइट टाउनला, तिथे काकू वर्षातून एकदा हळदीकुंकवाला जाणार. म्हणजे या बाईला रोजची मराठी मिळत होती ती भिंतीवरून माझे चार शब्द आणि घरात इंगळेजींचा राग. त्यांच्या ओरडण्याने त्या गप्प झाल्या असं गल्ली समजत होती. खरं म्हणजे त्या गल्लीत तेवढंच त्यांना पूर्ण समजत होतं.

"मग तुम्ही त्यांना सांगितलंत का, मला तिकडे राहायचंय म्हणून?"

"त्याईनं विचारलं नाही न," काकू म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता. ताट उचलून त्या ते उन्हात ठेवायला गेल्या.

मला इतका राग आला की रात्रीच्या पोळ्या मी करपवल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इंगळेजी नेमके माझ्याच दारात आले. आमच्या घरांचे नंबर बदलले होते. कोणीतरी येऊन जुन्या नंबरावर डांबराने नवा रंगवून गेलं होतं, आणि इंगळेजींचा प्रश्न तयार होता. मले कोणी विचारलं?

"तुम्ही काकूंना विचारलंत?" मी म्हटलं.

"काय?"

"गुहागरला राहायचं का म्हणून. तुम्हाला कोणी विचारलं नाही यासाठी तुम्ही जन्मभर गल्ली डोक्यावर घेतली. त्या तुमच्याच घरात राहतात. त्यांना तुम्ही आजवर काय विचारलंत?"

त्यांच्या भुवया वर गेल्या. मी मनाची तयारी केली. पण इंगळेजी माझ्या पायरीवर बसले, मफलरचं टोक बोटाला गुंडाळत राहिले, आणि मग जे बोलले ते इतक्या हळू की मला जवळ जावं लागलं.

"विचारायले काहून पाह्यजे? मी पाहिलं न."

शेजारचे गृहस्थ त्यांना हिंदी म्हणाले त्याच दिवसाची गोष्ट. संध्याकाळी ते उठले आणि समुद्रावर निघाले, काकूंना शोधायला. सामान बांध, उद्याच निघू, एवढंच सांगायचं होतं. सुरूच्या झाडांपाशी बायकांचा घोळका बसला होता. मध्ये काकू, यांच्याकडे पाठ. आणि त्या बोलत होत्या. हात हलवून, मान उडवून, थांबतच नव्हत्या. मग त्यांनी पदर गळ्याभोवती मफलरसारखा गुंडाळला, भुवया चढवल्या असाव्यात, आणि जाडा आवाज काढून म्हणाल्या, मले कोणी विचारलं? बायका वाळूत लोळायच्या बाकी राहिल्या.

"माही नक्कल करून राहिली होती," इंगळेजी म्हणाले. "हुबेहूब. मी मागं उभा राहून ऐकलं. एवढं बोलणं मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, मास्तरीणबाई. मले वाटे, ही बाईच कमी बोलणारी. मी तिले लग्न करून इथं आणली अन् ती गप्प झाली. अन् मी समजलो, हा तिचा स्वभाव आहे."

"मग समुद्राला कशाला शिव्या देत फिरता?"

"मग कोणाले देऊ? तिले देऊ?" आता त्यांचा आवाज चढला, पण जागेवरून ते उठले नाहीत. "तिथं मी कोणीच नाही. इथं गल्लीतलं कुत्रं मले ओळखते. तिथं मी हिंदीवाला आहे, ज्याले मराठी बरी येते. त्या गावात माह्यानं होत नाही. अन् मले चांगलं माहीत आहे, काय करावं लागते ते. म्हणून तं एवढा राग येऊन राहिला."

मी चहा ठेवायला आत गेले. बाहेर आले तर ते निघून गेले होते.

पुढच्या आठवड्यात इंगळेजींनी गल्लीत जाहीर केलं की जबलपूर आता राहण्यासारखं उरलेलं नाही. प्रत्येकाला त्यांनी निराळं कारण सांगितलं. कोणाला धूळ, कोणाला नाल्या, कोणाला घरांचे नंबर, कापडवाल्या मित्राला भोपाळची राजधानी. सगळी कारणं तितक्याच रागाने. काकूंना त्यांनी अंगणात उभं करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की मले त्या समुद्राकाठीच राह्यचं आहे, तुले आवडो न आवडो, तुले यावं लागंन. काकू म्हणाल्या, "हो न. येईन."

गल्ली हळहळली. या वयात बिचारीला ओढत नेतोय, म्हणाली. हटवादी माणूस, दुसऱ्याचा विचार म्हणून नाही. रामसेवक तर माझ्यापाशी येऊन म्हणाला, दीदी, आप ही समझाओ, माताजी वहाँ कैसे रहेंगी. मी दुधाचं भांडं पुढे केलं. बोलायची मला बंदी कोणी केली नव्हती, पण इंगळेजी त्या दिवसांत माझ्या नजरेला नजर देत नसत, त्यावरून मला कळायचं ते कळलं होतं.

घर विकलं. निघायच्या दिवशी सायकल रामसेवकाच्या हातात देताना इंगळेजींनी त्याला साखळीला तेल घालण्यावरून मराठीत बरंच सुनावलं. त्याने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं, आणि रिक्षा वळेपर्यंत तसाच उभा राहिला.

मध्ये दोन हिवाळे गेले. माझ्या भाचीचं लग्न पुण्याला होतं, तिथून मी वाट वाकडी करून एसटीने गुहागर गाठलं. पिशवीत जबलपूरच्या मटाराच्या शेंगा घेतल्या होत्या, थंडीतला आमचा मटार तिकडे कुठे मिळायचा.

लांबच लांब एकच रस्ता, दोन्हीकडे तांबड्या चिऱ्यांचे गडगे, त्यांच्या मागे सुपारीची झाडं. मी घराचा पत्ता विचारला तर एक बाई म्हणाली, म्हणजे हिंदी काकांकडे का? मग तिने हसत हसत सांगितलं की हे काका रागावले की हिंदीत बोलतात. आधी मराठीत रागवायचे, पण त्यांचं ते 'काहून' ऐकून पोरांना हसू यायचं.

दार काकूंनी उघडलं. मला बघून त्यांनी जे बोलायला सुरुवात केली ते चहा झाला, जेवण झालं, तरी चालूच. कोणाच्या घरी काय, कोणती मासळी कशी ओळखायची, शेजारणीच्या सुनेचं काय बिनसलं. बोलण्याला तिकडचा हेलही लागला होता. मी नुसती "हो न, हो न" करत होते. इंगळेजी कोपऱ्यात बसून होते, वाळलेले. दमट उकाडा होता तरी गळ्यात मफलर होता.

संध्याकाळी ते मला समुद्र दाखवायला घेऊन गेले. वाळूत पाऊल टाकताच म्हणाले, हा समुद्र, पाह्यला? झालं. आणि मागे वळून घराकडे एकदा बघून घेतलं. मग आवाज खाली आणून विचारायला लागले. थंडी पडली काय? सिंघाडे आले? नर्मदा यंदा कुठल्या पायरीपर्यंत चढली होती? बड्या फुहाऱ्यावर खव्याची जिलेबी तशीच मिळते काय, की ती तळणारा म्हातारा गेला? माझ्या उत्तरात काही सुटलं की पुन्हा विचारायचे. अंगणाची कोणत्या बाजूची भिंत पडली? डावी की उजवी? खिशात मूठभर शेंगा भरून आणल्या होत्या त्यांनी. एकेक सोलून कच्चाच मटार खात होते आणि टरफलं परत खिशात घालत होते.

मागून काकूंची हाक आली. इंगळेजींनी शेंग खिशात कोंबली आणि एकदम आवाज चढवला. "काय ठेवलं आहे त्या जबलपूरमध्ये? धूळ अन् नाल्या. सुटलो तिथून, बरं झालं. मले कोणी फुकट घर दिलं तरी जाणार नाही." काकू जवळ येईपर्यंत ते बोलत राहिले. काकूंनी त्यांच्या मफलरवर पडलेलं हिरवं टरफल उचललं, वाऱ्यावर सोडून दिलं, आणि माझ्याशी सुनीताच्या नव्या साडीबद्दल बोलू लागल्या.

सकाळी मी आतल्या खोलीत पिशवी भरत होते. ओटीवर दोघांचा चहा चालला होता. काकूंचा आवाज आला.

"अजी, चाय ठंडा हो गया."

"हो गई," इंगळेजी म्हणाले. "चाय बाईमाणूस आहे. ठंडी हो गई. कितीदा सांगून राहिलो."

"हो गई," काकू म्हणाल्या. "और दूध भी आ गई."

मग इंगळेजी सुटले. दूध कैसे आ गई, दूध क्या औरत है, इतने साल जबलपुर में रही, लोग क्या कहेंगे, वहाँ का बच्चा-बच्चा जानता है. तिथून फॅक्टरी, फॅक्टरीतून कांचघर, कांचघरातून रामसेवकाच्या पातळ दुधापर्यंत सगळं अस्सल जबलपुरी हिंदीत, भरल्या आवाजात. मी पिशवीचा बंद हातात धरून तशीच उभी राहिले. मधूनमधून काकू काहीतरी चुकीचं घालायच्या आणि तो आवाज पुन्हा पेट घ्यायचा.

बस कुठवर आली ते बघायला इंगळेजी बाहेर पडले, तेव्हा मी काकूंपाशी जाऊन बसले. त्या उरलेल्या शेंगा सोलत होत्या.

"काकू, कांचघरात रोज सकाळी तुम्ही मला भिंतीवरून हाक मारायचा, 'दूध आ गया' म्हणून. बरोबर म्हणायचा."

त्या हसल्या. रस्त्याकडे एकदा बघून घेतलं.

"तेवढं येते न मले," त्या म्हणाल्या. "पण सगळं बरोबर बोलली तं ते कोणाशी बोलतील? इथं त्याईच्याशी भांडायले कोण आहे? म्हणून रोज थोडं चुकते." मटाराचे दाणे त्यांनी वाटीत सारले. "उद्या 'समुद्र का आवाज' म्हणीन. आवाज हिंदीत बाई आहे. त्यावर बराच वेळ रागावतील."